आधी भोक बघा, रंग नंतर: लांबट रत्नमणी निवडताना

आंगणेवाडीच्या जत्रेला जाताना माझ्या मावसबहिणीच्या गळ्यातली माळ एसटीतच तुटली. लाल अकीकाचे नळीसारखे मणी होते आणि माळ मीच ओवून दिली होती, जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी. अर्धे मणी सीटखाली गेले, अर्धे कंडक्टरच्या पायाशी. मी आठवडाभर दोऱ्याला नावं ठेवत होते. शेवटी उरलेला दोरा आणि मूठभर मणी घेऊन दागिने ओवून देणाऱ्या एका म्हाताऱ्या पटवेकरी काकांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दोऱ्याचं टोक दोन बोटांत फिरवलं आणि म्हणाले, "दोरो तुटाक नाय गो. कापलो गेलो."

मग एक मणी उजेडाकडे धरून त्यांनी मला भोकातून बघायला लावलं. दोन्ही टोकांकडून पाडलेली भोकं मध्यावर एकमेकांना चुकली होती आणि तिथे दगडाची धारदार पायरी झाली होती. चालताना माळ हलायची आणि प्रत्येक हेलकाव्याला ती पायरी दोरा किसायची.

लांबट मण्यांची सगळी गोम इथेच आहे. 8 मिमीच्या गोल मण्यात भोक वाकडं गेलं तरी चालून जातं, कारण बोगदाच 8 मिमीचा. 25 मिमीच्या मण्यात तितकाच लांब बोगदा सरळ जावा लागतो. नवखी माणसं दुकानात रंग बघून हरखतात. मीही तशीच हरखले होते. हे लिहिते आहे ते घरी बसून दागिने करायला निघालेल्यांसाठी: बचत गटातल्या बायकांसाठी, तारकर्ली-गणपतीपुळ्याला पर्यटकांपुढे टेबल मांडणाऱ्यांसाठी, किंवा नुसत्या हौसेखातर करणाऱ्यांसाठी.

पहिलं काम: मणी अंगावर कुठे बसणार ते ठरवा

दुकानात जाण्याआधी हे ठरलेलं हवं, कारण लांब मणी वाकत नाही आणि अंग सगळीकडे वाकडं आहे.

मनगटाचा घेर 17 सेंमी धरला तर त्याची त्रिज्या साधारण 27 मिमी होते. त्यावर 10 मिमीचा मणी ठेवला तर त्याची टोकं कातडीपासून अर्धा मिमी उचलली जातात, कुणाला कळतही नाही. 20 मिमीच्या मण्याची टोकं जवळपास 2 मिमी उचलतात. 30 मिमीचा मणी 4 मिमीच्या वर उचलतो, मग तो ओढणीत अडकतो, भाकरी थापताना पिठात जातो. म्हणून ब्रेसलेटला 12 ते 15 मिमीच्या पुढे जाऊ नका. मनगट काही नळकांडं नसतं, वरची बाजू चपटी असते. तिथे मधोमध एकच लांब मणी आणि बाकी बारीक गोल मणी, असं केलं तर तो छान बसतो.

गळ्यालगतच्या 40 सेंमीच्या माळेत 30 मिमीचा मणीही 2 मिमीपेक्षा कमी उचलतो, म्हणजे तिथे मोकळीक आहे. छातीवर लोंबणाऱ्या 70-75 सेंमीच्या माळेत काहीही चालतं. फक्त मानेच्या मागच्या भागात लांब मणी घालू नका, ते मणक्यावर टोचतात आणि केस ओढतात.

ब्रेसलेटचं माप घेताना सगळ्यांची एक चूक होते. दोरा मण्याच्या मधून जातो, आणि मनगटाला लागते ती मण्याची आतली बाजू. त्यामुळे जितका मणी जाड, तितका आतला घेर कमी. हिशोब सोपा आहे: मण्याची जाडी गुणिले 3.14. मनगट 17 सेंमी, सैलपणासाठी 1 सेंमी, मणी 10 मिमी जाड असेल तर आणखी 3 सेंमी, म्हणजे ओवलेली लांबी 21 सेंमी हवी. 6 मिमी जाडीला 20 सेंमी पुरते. हे माहीत नसताना मी पहिली चार ब्रेसलेटं केली ती सगळी शेजारच्या शाळकरी मुलींना वाटून टाकावी लागली.

कानातल्यांत प्रश्न वळणाचा नाही, वजनाचा. अकीक, स्फटिक, जंबुमणी (अ‍ॅमेथिस्ट) हे सगळे पाण्याच्या साधारण 2.6 पट जड. 8 मिमी जाड आणि 25 मिमी लांब नळी सव्वातीन ग्रॅमच्या आसपास भरते. 10 बाय 30 ची 6 ग्रॅम. 12 बाय 40 ची थेट 12 ग्रॅम. डोळ्यांना फरक थोडा वाटतो, कानाच्या पाळीला नाही. मी एका कानाला 6 ग्रॅमच्या वर सहसा जात नाही. हेमॅटाइटचा काळा चकचकीत मणी तर याच्या जवळपास दुप्पट जड, तो कानात नकोच.

आकारांची नावं

व्यापारी ट्यूब, राइस, बॅरल, ड्रॉप, मार्कीज म्हणतात. घाबरू नका. आपल्या दागिन्यांत हे आकार फार पूर्वीपासून धान्या-फळांच्या नावाने नांदताहेत. बोरमाळेचा मणी बोरासारखा, पोहेहाराचा पोह्यासारखा चपटा, जोंधळी पोतीचा जोंधळ्याच्या दाण्याएवढा. राइस म्हणजे तांदळासारखा, दोन्हीकडे निमुळता. बॅरल म्हणजे मध्ये फुगलेला, ढोलकीसारखा. ड्रॉप म्हणजे थेंब. मार्कीज म्हणजे होडीसारखा, दोन्ही टोकांना टोकदार, आणि म्हणूनच सगळ्यात लवकर टवका उडणारा.

आकारापेक्षा महत्त्वाचं म्हणजे भोकाची दिशा. लांबीतून भोक असेल तर मणी माळेत आडवा बसतो. वरच्या टोकाशी आडवं भोक असेल तर तो लोंबतो, झालरीसारखा. ऑनलाइन फोटोत हे बरेचदा कळत नाही. विचारून घ्या, नाहीतर झालरीचे मणी घेऊन माळ करायला बसाल.

भोक तपासणं

लांब भोक पाडणं किती अवघड, ते सिंधू संस्कृतीच्या कारागिरांना विचारावं. मोहेंजोदडोत सापडलेले लाल अकीकाचे लांब मणी, तसेच पार मेसोपोटेमियातल्या उर इथल्या राजघराण्याच्या थडग्यांपर्यंत पोहोचलेले मणी आजही जाणकारांना चकित करतात. त्यांनी खास कठीण दगडाच्या टोकाचं गिरमिट वापरलं होतं. तासाभरात जेमतेम दोन-तीन मिमी भोक पुढे सरकायचं, म्हणजे एका लांब मण्याला कित्येक दिवस लागत. पुढे गुजरातेत खंबातला हीच कला टिकली. तिथे हिऱ्याच्या कणांचं टोक लावलेलं गिरमिट धनुष्याच्या दोरीने फिरवत. आता यंत्रं आहेत, पण पद्धत तीच: एका टोकाकडून अर्धं, मणी उलटा करून दुसऱ्याकडून अर्धं. दोन्ही भोकं मध्यावर भेटली पाहिजेत. भेटतातच असं नाही.

दुकानात जाताना तीन वस्तू बरोबर ठेवा: लांब बारीक मणी-सुई, दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि मोबाइल. टॉर्च मोबाइलमध्ये आहेच.

आधी टॉर्च एका टोकाला धरून दुसऱ्या टोकातून बघा. उजेडाचं वर्तुळ गोल दिसलं तर भोक सरळ. अर्धचंद्र दिसला तर मध्ये पायरी आहे. काहीच दिसलं नाही तर आत दगडाची भुकटी अडकलेली असते, ती सुईने निघते का बघा. मग सुई आरपार घाला आणि हळूच मागे ओढा. अडखळली, तर दोराही तिथेच अडखळणार.

पुढची परीक्षा मला फार आवडते. सुई आडवी धरा, मणी तिच्यावर ओवा आणि बोटाने फिरवा. प्रत्येक वेळी एकच बाजू खाली येऊन थांबत असेल तर भोक मधोमध नाही, एका बाजूला सरकलंय. असा मणी माळेत सरळ राहात नाही, शेजारच्यांच्या रांगेतून बाहेर डोकावतो. थेंबाच्या आकाराला हे चालतं. नळीला नाही.

शेवटी भिंगातून भोकाची कड. बारीकसा टवका सगळ्यांनाच असतो. पण कडेपासून अंगावर केसासारखी चीर गेलेली दिसली तर तो मणी बाजूला ठेवा, ती चीर पुढे वाढते.

भोक बारीक असेल तर हिऱ्याचा थर दिलेल्या रीमरने, म्हणजे भोकात घालून फिरवायच्या बारीक कानशीने, मोठं करता येतं. मात्र हे काम पाण्यात बुडवून करायचं. वाटीत पाणी घ्या, मणी पाण्याखाली धरा. कोरडं घासल्यावर उडणारी गारेची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. खंबातच्या अकीक कारागिरांमध्ये या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसने कित्येक घरं उद्ध्वस्त झाली आहेत. आपलं काम चार मण्यांचं असलं तरी ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

रंगाची खोट भोकातच दिसते

स्वस्तातल्या बहुतेक मण्यांना रंग दिलेला असतो, आणि तो गुन्हा नाही. काळा ऑनिक्स म्हणून मिळणारा जवळजवळ सगळा माल रंगवलेला अकीक असतो. लाल अकीकाला तर तापवून लाली आणायची रीत हजारो वर्षांची आहे, दगडातलं लोह भट्टीत तांबडं होतं. खोट असते ती न सांगण्यात.

रंग सच्छिद्र जागी जास्त मुरतो, म्हणून भोकाच्या कडेला आणि चिरांमध्ये तो गडद साचतो. अंगावर फिका निळा आणि भोकाच्या तोंडाशी शाईसारखा निळा दिसला, तर समजून जा. आतून पांढरं दिसलं तर रंग वरवरचा आहे. पिरोजा म्हणून विकला जाणारा मणी पुष्कळदा रंगवलेला हाउलाइट नावाचा पांढरा दगड असतो, त्याचं पोट पांढरंच निघतं. नेलपॉलिश रिमूव्हर लावलेला कापूस एका मण्यावर घासून बघा, पण दुकानदाराला विचारून आणि एकच मणी. पिरोजा, मोती, पोवळं यांच्यावर हा प्रयोग करू नका, खरे असतील तर तुम्हीच त्यांची चकाकी घालवाल.

काही नावंच फसवी आहेत. मलेशिया जेड म्हणजे रंगवलेला क्वार्ट्झ, आपली गारगोटी. ओपलाइट काच आहे. सोनेरी चमचमणारा गोल्डस्टोनही काचच. काच म्हणून घ्या, स्वस्तात घ्या, छान दिसते. गिऱ्हाइकाला मात्र तेच सांगा. दगड गालाला गार लागतो आणि काच लवकर कोमट होते, ही जुनी परीक्षा खरी आहे, पण मे महिन्यात मालवणात काहीच गार लागत नाही. मी मणी फरशीवर सावलीत अर्धा तास ठेवून मग बघते. भिंगात गोल बुडबुडे दिसले तर काच नक्की.

लॅब्राडोराइट घ्यायचा असेल तर प्रत्येक मणी बोटात फिरवून बघा. त्याची निळी झळाळी एका ठरावीक कोनातच दिसते. लांब नळी माळेत फिरली की झळाळीची बाजू छातीकडे जाते आणि वर उरतो राखाडी दगड. यात चपटा आकार घ्या, दोन्ही बाजूंना झळाळी असलेला.

खारं वारं, घाम आणि वाळू

दगडांच्या कठीणपणाच्या मोहस मापात क्वार्ट्झ 7 वर आहे. किनाऱ्यावरच्या वाळूत तोच असतो. याचा अर्थ, 7 च्या खालचा कुठलाही मणी वाळूने घासला की चरे पडणार. अकीक, स्फटिक, जंबुमणी, गोमेद टिकतात. चंद्रकांत (मूनस्टोन) आणि लॅब्राडोराइट 6 च्या आसपास, कानात-गळ्यात ठीक. लाजवर्द (लॅपिस लाझुली) 5 ते साडेपाच. मॅलाकाइट 4 च्याही खाली, पोवळं आणि मोती तसेच मऊ. पर्यटक दागिना घालून थेट पाण्यात उतरतात, हे गृहीत धरूनच मी मॅलाकाइटचं ब्रेसलेट करत नाही, मग ते हिरवं कितीही डोळ्यांत भरो.

मोती आणि पोवळं म्हणजे मूळचा चुनाच. कोकम, लिंबू, घाम, अत्तर, यांतलं आम्ल त्यांना खातं. सोलकढी गाळून झाल्यावर हात न धुता मोती हाताळू नका, हे मी अनुभवाने सांगतेय. तांदळाच्या आकाराचे गोड्या पाण्यातले मोती नवख्यांना परवडतात आणि दिसतातही सुरेख, पण त्यांचं भोक फार बारीक असतं, कारण मोती वजनावर विकतात आणि भोक मोठं केलं की वजन जातं. त्यांना रेशमी दोराच हवा.

पिरोजा सच्छिद्र, तेल पितो. खोबरेल लावलेल्या केसांखाली तो वर्षभरात हिरवट होतो. आपल्याकडे हे टाळणं कठीण, म्हणून तो मी कानातल्यांपुरता ठेवते.

पावसाळ्यात खरं नुकसान दगडाचं होत नाही, धातूचं होतं. मुलामा दिलेल्या पितळी टोप्या आणि कड्या खाऱ्या दमट हवेत हिरव्या-काळ्या पडतात. लांब मण्याला दोन्ही टोकांना टोपी घालायची फॅशन आहे, तर ती चांदीची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. माल झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. चपलांच्या खोक्यातल्या पुड्या फेकू नका, त्या इथे कामी येतात.

किनाऱ्यावर सापडलेलं प्रवाळ मात्र दागिन्यात घालू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आपल्या समुद्रातली खडक बांधणारी प्रवाळं आणि समुद्रपंखे आहेत, ती गोळा करणं आणि विकणं गुन्हा आहे. काही शंख-शिंपल्यांनाही हेच संरक्षण आहे. सराफाकडचं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, परदेशातून येणारं. त्याचं बिल जपून ठेवा.

खरेदी

मणी लडीवर मिळतात, बाजारात लाइनही म्हणतात. 16 इंचाची लड म्हणजे सुमारे 400 मिमी. 20 मिमीचे मणी असतील तर 20 नग येतात, 8 मिमीचे असतील तर 50. लडीचा भाव ऐकून हुरळू नका, नगाला भाग द्या. वर सांगितलेल्या परीक्षांत लांब मण्यांच्या लडीतले दोन-तीन हमखास नापास होतात, तेवढे वजा करूनच भाग द्या.

आमच्याकडून मुंबईला भुलेश्वर आणि झवेरी बाजार, घाट चढून गेलं तर कोल्हापूरची गुजरी. चांदीच्या टोप्या-कड्यांसाठी हुपरी. पहिल्यांदा जाल तेव्हा खरेदी कमी करा आणि दुकानं जास्त फिरा. जो दुकानदार टॉर्च लावून बघू देत नाही, तिथून निघा. एका माळेला लागणारे सगळे मणी एकाच वेळी घ्या, पुढच्या खेपेला तीच छटा मिळत नाही.

तार घेताना गेजवर, म्हणजे जाडीच्या बाजारी आकड्यावर, विसंबू नका, मिलिमीटर विचारा. गेजच्या दोन पद्धती बाजारात चालतात. एका पद्धतीत 20 गेजची तार 0.81 मिमी, दुसरीत 0.91. मण्याचं भोक 0.9 मिमीचं असेल तर इथेच घोटाळा होतो.

ओवणं

सुरुवातीला नायलॉनचं आवरण असलेली बारीक स्टील वायर घ्या, 0.38 मिमीची. नळीच्या कडा दोऱ्याला कापतात, वायरला तितक्या नाही. इलॅस्टिक लांब मण्यांना अजिबात नको.

प्रत्येक लांब मण्याच्या दोन्ही बाजूंना 2 ते 3 मिमीचा गोल मणी घाला. हे शोभेसाठी नाही. माळ वळते ती या गोल मण्यांवर, त्यामुळे दोरा नळीच्या कडेवर मोडत नाही. शिवाय हिशोब बसतो: 12 मिमीचा मणी आणि 3 मिमीचा गोल मिळून 15 मिमी, 45 सेंमीच्या माळेला 30 जोड्या, फाशासाठी एक-दोन कमी.

हात बसला की रेशमी दोऱ्याकडे या. दोरा मेणावरून दोनदा ओढा, मणी मोठ्यापासून लहानाकडे ताटात मांडून घ्या, मधल्या मण्यापासून दोन्हीकडे ओवत जा, आणि मण्यांमध्ये गाठी मारा. गाठ भोकात शिरत असेल तर दोरा दुहेरी करा. पूर्ण झाली तरी शेवटची गाठ लगेच मारू नका. माळ खिळ्याला टांगा, खाली चाव्यांचा जुडगा अडकवा आणि रात्रभर ठेवा. रेशीम ताणतं. सकाळी मण्यांमध्ये बारीकशी फट दिसेल, ती ओढून बंद करा, मग गाठ मारा.